वरच्या मजल्याची निगा

दिवाळीच्या तोंडावर भूपालअप्पा शेडबाळ्यांच्या स्वयंपाकघरात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचं पाणी गळायला लागलं. वरचा मजला बांधलेला नव्हता.

गळती नेमकी ओट्याच्या वर होती. अप्पांनी खाली पातेलं लावलं, स्टुलावर चढून छताला हात लावला आणि बोटं हुंगली. पाणी कोमट होतं, त्याला चंदनाच्या साबणाचा वास होता. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म धरणाच्या भिंतींची गळती बघण्यात गेला होता, पण हे पाणी आंघोळीचं आहे हे ओळखायला खात्यात असावं लागतं असं काही नाही. ते गच्चीवर गेले. गच्ची ठणठणीत कोरडी होती. तरी शिस्त म्हणून त्यांनी पन्हाळीत बोळे कोंबले आणि गच्ची घोट्याइतक्या पाण्यानं भरून ठेवली. ते पाणी वर तसंच राहिलं, त्यातला एक थेंबही खाली आला नाही. गळती मात्र रोज सकाळी, माणसं आंघोळी उरकतात त्या वेळेला, चालू राहिली.

"गच्चीत दोष नाही," अप्पा खाली येऊन म्हणाले. "गळती वरच्या न्हाणीची आहे."

"मग त्यांना सांगा," त्यांच्या बायको पद्माकाकू भाकरीचं पीठ मळत म्हणाल्या.

"कुणाला?"

"वरच्यांना."

आता हा वरचा मजला काय भानगड आहे ते सांगायला हवं. सांगलीत विश्रामबागेच्या पुढे अप्पांनी घर बांधलं तेव्हा त्यांचा मुलगा सन्मती शाळेत होता. घर एकमजली, पण चारही खांबांच्या सळया अप्पांनी गच्चीच्या वर पुरुषभर मोकळ्या सोडल्या. पुढे सन्मतीचं लग्न होईल, वर त्याचा मजला चढेल. आपल्याकडे अशा सळया घरोघर दिसतात. लोक त्या सोडतात आणि विसरून जातात, मग त्यांवर दोऱ्या बांधून चादरी वाळत घालतात. अप्पा विसरले नाहीत. दरवर्षी पाऊस संपला की ते तारेच्या ब्रशनं सळयांचा गंज खरवडायचे, तांबडा रंग द्यायचे, टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घालायचे. दसऱ्याला प्रत्येक खांबाला झेंडूचं फूल. खालच्या घराचा नळ महिनाभर ठिबकला तरी चालेल, पण वरच्या मजल्याची निगा चुकायची नाही.

इतकी वर्षं इतकी निगा राखल्यावर वरचा मजला तयार झाला, यात अप्पांना नवल वाटण्यासारखं काही दिसेना. त्यांना घोर लागला तो गळतीचा.

हळूहळू बाकीचे आवाजही ऐकू यायला लागले. हॉलच्या वर कुणीतरी खुर्ची ओढायचं. निजायच्या खोलीवर कपाटाचं दार कुरकुरायचं, त्यात तेल घालायला हवं होतं. आणि दुपारभर एक लहान मूल इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत धावायचं. सन्मती बेंगळुरात होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्यावर बोलायचं नाही असं त्यानं आईला एकदा फोनवर सांगितलं होतं.

"चार वर्षांचं असेल," काकू छताकडे बघत म्हणाल्या. "टाचा आपटत चालतंय. सन्मती अस्साच चालायचा."

काकू खूश होत्या. हे लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. एकच गोष्ट त्यांना खटकायची. शेडबाळ्यांच्या घरात जैनांच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. दिवस बुडाल्यावर ताट वाढलेलं त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं. आणि वर तर चांगला अंधार पडल्यावर ताटवाट्या वाजायच्या.

"सुनेला कुणी सांगितलं नसणार," काकू म्हणायच्या. "आपलंच चुकलं. एकदा वर जाऊन सांगून यायला पाहिजे."

 अप्पांचं लक्ष दारांकडे लागलं होतं. आधी स्वयंपाकघराचं दार घासायला लागलं. त्यांनी ते उतरवून वरची कड रंध्यानं तासली. आठवड्यात पुन्हा घासायला लागलं. मग न्हाणीचं, मग पुढचं दार. मग अप्पांनी टेप काढला आणि फरशीपासून छतापर्यंत उंची मोजली. छत चांगलं हातभर खाली आलं होतं.

हिशेब सरळ होता. वरचा संसार वाढत चालला होता. सोफा आला असणार, धान्याची पोती, पुस्तकं, शिवाय धावणारं पोर. त्याचं वजन खाली येत होतं. बाहेरून पाहिलं तर घर पहिल्याइतकंच उंच होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही दिसत नव्हतं. आत अप्पांनी आधी पंखे काढले. मग कपाटाचे वरचे कप्पे कापले. भिंतीवरचे फोटो एक एक करून खाली घेतले आणि शेवटी ते भिंतीला टेकवून फरशीवर ठेवले. त्यांच्या आईवडलांचा फोटो आता गॅसच्या सिलिंडरशेजारी होता.

अप्पा उंचेपुरे, त्यामुळे घरात वाकून चालायला लागले. काकू ठेंगण्या.

"मला अजून लागत नाही," काकू म्हणायच्या.

"तुला लागेल तेव्हा मी गुडघ्यावर चालत असेन."

"चाला की. देवळात नाही का बसत गुडघ्यावर?"

ज्या दिवशी अप्पांना आंघोळीला उभं राहता येईना, त्या दिवशी त्यांनी बेंगळूरला फोन लावला.

"वरच्या मजल्याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठला वरचा मजला?" सन्मती म्हणाला. तो घाईत होता, मागे कुणीतरी त्याला हाका मारत होतं.

"तुझा."

"अप्पा, मी इथं फ्लॅट घेतलाय. तुम्ही येऊन बघून गेलात."

"सळया अजून आहेत."

"कापून टाका की मग. किती वर्षं सांगतोय. पावसात गंज उतरतो, स्लॅब खराब होते." त्यानं कान दिला. "कुणाचं पोर आलंय का घरी? ओरडतंय केवढं."

"वरचं आहे," अप्पा म्हणाले.

"बरं. मी करतो नंतर फोन."

फोन ठेवल्यावर अप्पांना राग आला, आणि राग उतरल्यावर नुसतं वाईट वाटलं. मुलगा चुकीचं काहीच बोलला नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी काकूंना सांगितलं की सळया कापायच्या.

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही. "आणि ती माणसं?"

"कोण माणसं, पद्मा?"

"रोज ऐकताय की तुम्ही."

"ऐकतोय. छत पण बघतोय. या घरात राहायचंय आपल्याला. अजून हातभर खाली आलं तर आपल्याला राहायला बाहेर पडावं लागेल."

"पडू," काकू म्हणाल्या. "वर जाऊ."

अप्पांना भीती वाटली ती तिथं पहिल्यांदा. छताची तोवर वाटली नव्हती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिरजेहून इम्तियाजला बोलावलं.

इम्तियाज ग्रिलं, गेटं, पत्र्याच्या शेड असली कामं करणारा. तो ग्राइंडर खांद्याला लावून आला, दारात कपाळ आपटून घेतलं आणि म्हणाला, "काका, घर लई बुटकं बांधलं की हो."

"नंतर झालंय," अप्पा म्हणाले.

"होतंय," इम्तियाज म्हणाला आणि जिन्यानं वर गेला. संध्याकाळी त्याला मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, त्यामुळे त्यानं जास्त चौकशी केली नाही.

रस्त्याकडच्या खांबापासून त्यानं सुरुवात केली. सळई तुटून गच्चीवर पडली की खाली ठण्णकन आवाज यायचा. पहिल्या खांबाच्या सगळ्या सळया तुटल्या तेव्हा हॉलच्या वरची खुर्ची गप्प झाली. अप्पांनी टेप लावून पाहिला. हॉलचं छत चार बोटं वर गेलं होतं. दुसऱ्या खांबानंतर कपाटाचं दार थांबलं. हॉलमध्ये अप्पांना आता मान सरळ करता येत होती. कित्येक दिवसांनी त्यांनी मान सरळ केली, आणि त्यांना फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्यांना लाजही वाटली.

तिसऱ्या खांबाला इम्तियाजची चकती झिजली. नवी लावून तो खांब तोडेपर्यंत ऊन कललं. राहिला तो स्वयंपाकघराकडचा खांब. घरात फक्त स्वयंपाकघराचं छत अजून खाली होतं, आधीपेक्षाही खाली, कारण वरची सगळी माणसं आता तिथं गोळा झाली होती. पोर एका जागी उड्या मारत होतं.

काकू दुपारपासून ओट्याशी होत्या. त्यांनी भाकरी, मुगाची उसळ आणि थोडा भात केला आणि डब्यात भरला. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला.

"कुठं?" अप्पांनी विचारलं.

"दिवस मावळायला आलाय. जायच्या आधी वेळेवर एकदा जेवून तरी जाऊ दे त्यांना. उपाशी कुणाला घालवायचं नसतं."

अप्पांनी अडवलं नाही. ही बाई गच्चीवर जाईल, तिथं इम्तियाज आणि तुटक्या सळया बघेल, थोडी रडेल आणि खाली येईल, असं त्यांना वाटलं. रडून घेतलेलं बरं. काकू जिना चढून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज वळणापर्यंत आला, मग पुढेही येत राहिला, गच्चीच्या जिन्याला असतात त्यापेक्षा बऱ्याच जास्त पायऱ्या.

थोड्या वेळानं इम्तियाज जिन्याच्या तोंडाशी आला. "काका, एवढाच राहिलाय. काकू खाली उभ्या नाहीत ना तिकडच्या बाजूला? सळई पडंल अंगावर."

"वर आलीय ती," अप्पा म्हणाले. "डबा घेऊन."

"वर कोण नाही आलं."

"आत्ता गेली तुझ्या देखत."

"मी इथंच बसलोय की काका. कोण नाही आलं."

अप्पा वाकून स्वयंपाकघरात शिरले. छताच्या वर काकूंच्या चपला एका कोपऱ्यात काढल्याचा आवाज आला. मग पाट मांडले. एक, दोन, तीन. ताटं ठेवली गेली. पोर उड्या मारायचं थांबलं.

"सावकाश," काकूंचा आवाज आला. "चावून खा. तुझा बाबा पण असाच गिळायचा."

कुणीतरी हसलं, मोठं माणूस. मग लहान आवाज म्हणाला, "अजून."

"पद्मा," अप्पांनी हाक मारली.

"आले," वरून उत्तर आलं. आवाजात घाई नव्हती. "ह्याचं होऊ दे. तुम्हीच या की वर, दिवस बुडायच्या आत. तुमचंही वाढलंय."

अप्पांनी जिन्याकडे पाहिलं. जिना सरळ गच्चीत उघडत होता. वरच्या पायरीवर इम्तियाज ग्राइंडर घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे नुसतं तांबडं आभाळ होतं. स्वयंपाकघराचं छत आणखी खाली येऊन त्यांच्या पाठीला टेकलं. बेतानं टेकलं, गर्दीत मागचा माणूस टेकतो तसं. अप्पांचे गुडघे दुमडले आणि ते फरशीवर बसले. काकूंना सोडवायला गच्चीवर जावं तर तिथं गच्ची होती. छत थोपवायला खांब तोडावा तर त्या खांबावर आता काकूही बसल्या होत्या.

"काका, उजेड जातोय," इम्तियाज वरून म्हणाला. "चालवू का?"

वर ताटात भात वाढल्याचा आवाज आला, आणि भातावर उसळीचा डाव उपडा केल्याचा.

"थांब," अप्पा म्हणाले. "जेवतायत."