डॉक्टर आले होते

"मग काढून टाका," मास्तर म्हणाले आणि फळ्यावरच्या पोर्तुगीज वाक्यातले तीन शब्द त्यांनी तळहाताने पुसून टाकले. "पडलं का वाक्य? नाही ना? उभंच आहे."

वाक्य होतं, 'म्हातारी नर्स काल लवकर आली.' आता उरलं होतं, 'नर्स आली.' नर्सच्या आधी इंग्रजीतल्या 'द'सारखा एवढासा 'आ' होता, तोही मास्तरांनी करंगळीने पुसला. तोही उपराच, म्हणाले.

मास्तरांची उभी हयात पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखात शाळा शिकवण्यात गेली होती. म्हातारपणी परत येऊन त्यांनी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत ही शिकवणी सुरू केली. समोर बसलेल्या सगळ्या नर्स, सगळ्यांना तिकडच्या दवाखान्यांत नोकरीला जायचं होतं. त्यांत सिस्टर वयाने थोरली. केस कानाशी पिकलेले, आणि शंका मात्र बालवर्गातल्या पोरीसारख्या.

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वाक्यात घरचे असतात आणि पाहुणे असतात. कोण आणि काय केलं, हे घरचे. पाहुण्यांना तिकडे 'तेर्मुश असेसोरियुश' म्हणतात. त्यांच्या तीन जाती. नावाला चिकटणारे: म्हातारी, माझी, ती. कधी, कुठे, कसं ते सांगणारे: काल, उशिरा, दारात. आणि दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसून एखाद्याची ओळख दुसऱ्यांदा करून देणारे. 'माझी बहीण, नर्स, आली' यातली नर्स. पाहुणे उठून गेले तरी घर चालतं.

सिस्टरला हे पटेना. ती म्हणाली, आमच्या वॉर्डात नुसतं 'औषध दिलं' म्हटलं तर माणूस मरेल. कुठलं, किती, जेवणाआधी की नंतर, सगळा जीव त्या पाहुण्यांतच असतो.

मास्तर हसले. "अर्थ जातो, बाई, खरंय. पण व्याकरण अर्थाला जामीन राहत नाही. वाक्य उभं राहिलं की त्याचं काम संपलं."

सिस्टर भावाकडे राहायची. लग्न जमवता जमवता आईवडील गेले आणि मग ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. भाचरं मोठी झाली तशी तिची खाट खोलीतून बोळात आली. वन्संचं बाई बरं आहे, कुठेही पाठ टेकली की झोप लागते, असं भावजय येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. तिकडच्या नोकरीबरोबर खोली मिळणार होती. तिला दार होतं, आतून कडी होती. फक्त इथल्या थोरल्या डॉक्टरांनी सही केलेला अनुभवाचा दाखला हवा होता. दवाखाना त्यांचा स्वतःचा. ते आज देतो, उद्या देतो करत होते.

त्याच आठवड्यात सुताराचं झालं. पोटाचं ऑपरेशन होऊन तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. माणूस गमत्या. शेजारच्या कपाटाची फळी हलवून म्हणायचा, हे ज्याने केलं त्याचं ऑपरेशन आधी करा. दुपारी एकाएकी त्याचं पोट फुगलं, अंगाला गार घाम सुटला. नाडी हाताला लागेना. सिस्टरने धाकट्या डॉक्टरांना, म्हणजे थोरल्यांच्या मुलाला, वरच्या मजल्यावर घरी निरोप पाठवला. वर मित्र जेवायला आले होते. येतो म्हणाले. तिने पुन्हा माणूस धाडला. शेवटी स्वतः धावत वर गेली, तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "सिस्टर, दरवेळी घाबरून कसं चालेल?" ती खाली आली तोवर सुताराचे डोळे छताला लागले होते. डॉक्टर जिना उतरून आले, तेव्हा ती त्याच्यावर चादर ओढत होती.

थोरल्यांनी तिला खोलीत बोलावून बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. खोटं बोला असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या जाण्याची चौकशी केली, दाखला टाइप झालाय, सहीच राहिलीय म्हणाले, आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या सुताराची बायको येईल विचारायला. दुःखात माणसाला फार तपशील देऊ नये. लागेल तेवढंच बोला."

तिचा हात दगडाखाली होता, आणि दगड कुणाचा ते दोघांनाही ठाऊक होतं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. घरून आणलेला डबा मांडीवर तसाच. ती रडत नव्हती. सिस्टरचा हात धरून तिने विचारलं, "तुम्हीच होता ना जवळ? मला तेवढंच सांगा. डॉक्टर आले होते ना?"

सिस्टरच्या ओठांवर सगळं आलं होतं. उशिरा. तिसऱ्या बोलावण्याला. जीव गेल्यावर.

"डॉक्टर आले होते," ती म्हणाली.

बाईने मान हलवली. "मग झालं. नशिबापुढे कुणाचं चालतं?" सिस्टरचा हात तिने कपाळाला लावला.

दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला. त्यात सिस्टरच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळी जास्तीच्या होत्या.

पुढच्या शिकवणीला मास्तरांनी विचारलं, कळलं का आता? ती म्हणाली, कळलं. परीक्षेत तिला पाहुण्यांच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण पडले. मास्तरांना मनापासून आनंद झाला. बघा, म्हणाले, नाही नाही म्हणता तुम्हीच सगळ्यांत पक्क्या झालात.

तिच्या जाण्याची तारीख ठरली तेव्हा सुताराची बायको पुन्हा आली. दमलेली, घामाघूम, डोक्यावर लाकडी स्टूल. वॉर्डच्या दारात तिने ते खाली ठेवलं आणि पदराने पुसलं.

"ते म्हणायचे, सिस्टर दिवसभर उभ्या असतात, घरी गेलो की त्यांना बसायला करून देतो. नव्याने करायला काही राहिले नाहीत. हे घरातलंच, पण त्यांच्या हातचं आहे." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना, डॉक्टर आले होते म्हणून. तेवढ्यावर मला झोप लागते हो."

नको म्हणायला सिस्टरला तोंड नव्हतं. तिने स्टूल घेतलं. तिने बाईला पाणी दिलं, फाटकापर्यंत पोचवलं.

स्टूल औषधांच्या कपाटाशेजारी राहिलं. जराही डगमगत नसे. बाकीच्या नर्स आळीपाळीने त्यावर बसत. चहा घेत आणि कारागिराचं कौतुक करत. सिस्टरला आग्रह करत, बसा की, तुमचंच आहे. ती हातातलं काम दाखवायची. जायच्या दिवसापर्यंत तिने वॉर्ड उभ्यानेच सांभाळला. पाय भरून आले, की घटकाभर भिंतीला टेकायची.