नावापुरतं घर

घर पौर्णिमाच्या नावावर झालं, ते काही नितेशला बायकोचा पुळका आला म्हणून नव्हे. चार वर्षांपूर्वी बाईच्या नावानं घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळू लागली. बावीस हजार वाचतात म्हटल्यावर गडी एका पायावर तयार झाला. अमरावतीत मित्रांना पेढे वाटताना हसून सांगायचा, "नावापुरतं टाकलं तिचं." पौर्णिमाही हसायची. त्याचा प्लॉट विकून आलेले पैसे त्या घरात गेले होते, तिचं माहेरचं सोनंही गेलं होतं. मग नाव कोणाचं, याचा विचार कशाला करायचा?

पण नितेशची हौस दांडगी. लग्नाचं स्टेज सजवायचा त्याचा धंदा, आणि पौर्णिमाचं फुलांचं दुकान. ती पहाटे शेवंती-झेंडू आणायची, दिवसभर हार ओवायची, चार पैसे मागे टाकायची. यानं मात्र दोन वर्षांपूर्वी खासगी फायनान्सवाल्याकडून कर्ज काढून मोठ्ठे एलईडी पडदे आणले. एक सीझन पडदे चमकले. दुसऱ्या सीझनला मंगल कार्यालयांनी आपापले पडदे घेतले, आणि याचे हप्ते थकले.

एका दुपारी तो दुकानात येऊन म्हणाला, "सोमवारी रजिस्ट्रीले जायचं हाय. घर गहाण दिलं तर ते लोक मुदत वाढवून देतात. तुले फक्त सही करायची हाय."

घर घेताना फक्त नाव, आता घालवताना फक्त सही. बाईचं सगळं काम असं फक्त फक्तच असतं बघा. "सोमवारले वेळ हाय," एवढंच पौर्णिमा म्हणाली.

अमरावतीतल्या अर्ध्या वकिलांच्या घरी तिचेच हार जायचे. तिथं कोणाकडे पाऊल टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून नणंदेकडे जाते सांगून तिनं अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत तीनदा परत फिरायचं ठरवलं, पण उतरली नाही.

अकोल्याची आकांक्षा वकील वयानं लहान होती, पण कागद मात्र दोनदा वाचायची. तिनं विचारलं, "पडद्याच्या कर्जावर तुमची सही आहे?"

"नाही."

"जामीनदार म्हणून?"

"कुठंच नाही."

"मग ते कर्ज त्यांचं. लग्न झालं म्हणून ते तुमच्या डोक्यावर येत नाही. कर्ज अंगावर आल्यावर घाईघाईनं घर तुमच्या नावावर केलं असतं, तर कोर्टानं त्यात खोट काढली असती. पण हे कर्जाच्या आधीचं आहे, सोनंही तुमचं गेलंय. सोनाराची पावती सांभाळा, खरेदीखत स्वतःजवळ ठेवा, दुकानाचं खातं वेगळं ठेवा. अन् कोऱ्या चेकवरसुद्धा सही करू नका."

"पण मॅडम, त्याईले काय सांगू?"

"नाही म्हणायचं, ताई. त्याला फी लागत नाही."

बोलायला सोपं होतं. परतीच्या बसमध्ये पौर्णिमाला आठवलं, तिचे वडील आजारी होते तेव्हा याच माणसानं त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले चढवले होते. तिला नवऱ्याचा राग येईना, म्हणून तर जास्त रडू आलं.

रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मी सही करत नाही."

"काहून? माझ्यावर भरोसा नाही काय?"

"तुमच्यावर हाय. त्या पडद्याईवर नाही."

"माझ्या पैशाचं घर हाय हे."

"अन् माझ्या सोन्याचं."

"अवो, नावापुरतं टाकलं होतं तुझं."

"मग नावापुरतंच 'नाही' म्हणून राहिली मी. पडदे गेले तर दुसरं काही करता येईन. घर गेलं तर आपण कुठं जाऊ, सांगा."

तो ताट तसंच सोडून निघून गेला. सोमवारी रजिस्ट्रीला कोणीच गेलं नाही. मंगळवारी फायनान्सवाले टेम्पो घेऊन आले आणि पडदे उचलून घेऊन गेले. उरलेल्या रकमेचे लहान हप्ते त्यांनी बांधून दिले. त्या कागदावर नितेशनं एकट्यानं सही केली.

संध्याकाळी पौर्णिमा घरी कणीक मळत होती. दार उघडंच होतं, तरी नितेश उंबऱ्याबाहेर थांबला.

"येऊ काय आत?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं, टोमणा मारतोय. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. तो खाली बघून म्हणाला, "घर तुझं हाय ना. म्हणून विचारलं."

आरडाओरडा होईल, भांडीकुंडी आपटतील, या सगळ्याची तिनं तयारी ठेवली होती. याची नव्हती ठेवली. तिचे हात कणकेतच राहिले.

"लग्नापासून सोळा वर्षं तुमच्या घरी राहिली मी," ती म्हणाली. "कधी विचारून आत आली काय?"

नितेश चपला काढू लागला.