पाच पुरुष पाणी

काळुरामने गळ उचलला आणि त्याचं टोक अंगठ्याच्या नखावरून ओढलं. टोक नखात रुतलं नाही, सरळ घसरलं. त्याने तो डावीकडच्या ढिगात टाकला आणि पुढचा उचलला. तोही तसलाच. दोनशे गळांच्या डब्यातून आतापर्यंत कामाचे एकोणीस निघाले होते, आणि डब्यावर चित्र मात्र असं की जणू देवमासा धरायला निघालेत.

"नखात रुतत नाय, तो म्हावऱ्याच्या तोंडात काय रुतनार," तो म्हणाला.

भोवती उभे असलेले पंधराएक सभासद हसले. तळ्याकाठी लाकडी फळ्यांचा ऐसपैस ओटा होता, त्यावर क्लबने खुर्च्या मांडल्या होत्या, चहाचा थर्मासही ठेवला होता. नारळी पुनवेनंतरच्या रविवारी टॉवरवाल्यांची मासेमारीची स्पर्धा व्हायची होती. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हे ऐकून काळुरामला पहिल्यांदा हसू आलं होतं आणि मग जरा रागही आला होता. कोणाच्या तोंडात लोखंड घालून वर फोटो काढायचा, हा कुठला खेळ? पण मुलगा मॅनेजर होता ना इथला.

क्लबचा सेक्रेटरी सुश्रुत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि एकोणिसाव्या मजल्यावर राहत होता. माणूस सज्जन. गळ किती नंबरचे आणि शिसं किती वजनाचं, याची ऑर्डर त्याला आजच पाठवायची होती. हल्लीच्या या गळांच्या डोक्यावरच शिशाचा मणी ओतलेला असतो, त्याला हे लोक जिगहेड म्हणत. सुश्रुतने दोन नंबरचे निवडून ठेवले होते. त्याला वाटलं, नंबर लहान म्हणजे गळ लहान. काळुरामने त्याला समजावलं की हा हिशेब उलटा असतो, नंबर मोठा तेवढा गळ बारीक. तळ्यात सोडलीय चिलापी, तिचं तोंड केवढं? तिला आठ नंबर. आणि शिसं दोन-तीन ग्रॅमचं पुरे. हलकं शिसं सावकाश उतरतं, आणि उतरताना मासा त्याच्याकडे बघतो, तेव्हाच घेतो. जड शिसं धपकन तळाला जाऊन बसतं, मग बसा तुम्ही पण. सुश्रुत हे सगळं फोनवर टिपून घेत होता.

देवेश मागे उभा होता. अंगात क्लबचा निळा टीशर्ट. बापाचं कौतुक चाललंय म्हणून खूश होता. त्यानेच सुश्रुतला सांगितलं होतं, आमचे आबा पन्नास वर्षं खाडीत गळ टाकतायत, त्यांनाच विचारा. नाहीतर काळुराम या फाटकाच्या आत कशाला येतो? गाव घोडबंदर रोडच्या पलीकडे, चालत दहा मिनिटं. पण जमीन दिल्यापासून सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. आज फाटकावरच्या पोराने वही पुढे केली आणि कोणाकडे जायचंय म्हणून विचारलं. ही जमीन त्याची होती. साडेतीन एकर भात, आणि मधोमध विहीर.

त्या विहिरीवरून तर आठ महिने सही अडली होती. काळुरामच्या बापाने दोन भावांना घेऊन ती कातळातून खणली होती, पाच पुरुष खोल, म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी केली तर पाचव्याचं डोकं काठाला लागेल एवढी. मे महिन्यात गावाच्या सगळ्या विहिरी तळ दाखवायच्या, हिला कधी दोन पुरुषांखाली कोणी बघितलं नव्हतं. काळुरामची बायको बायजा नवरी होऊन आली ती आधी या विहिरीची ओटी भरून मग घरात शिरली होती. जमीन देऊ म्हणाली, विहीर बुजवू नका म्हणाली. जिवंत झऱ्यावर माती टाकली तर मला अन्न जाणार नाही म्हणाली. काळुरामने तेच बिल्डरच्या माणसाला सांगितलं. मधला माणूस देवेश होता. एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, त्या जागी तलाव करतायत, विहीर खाली आहे तशीच राहणार, तोंड उघडं, वर आणखी पाणी. काळुरामने त्याच आठवड्यात सही केली.

तेव्हापासून दर नारळी पुनवेला बायजा खाडीला एक नारळ देऊन दुसरा इथे घेऊन यायची. पहिल्या वर्षी फाटकावर फ्लॅट नंबर विचारला तेव्हा ती म्हणाली होती, विहीर. मग देवेश धावत येऊन तिला आत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बघावं तर पाण्यावर नारळ नसायचा. विहीर घेते, असं ती अख्ख्या गावाला सांगायची.

सुश्रुतने आता पाण्याची खोली कशी काढायची ते दाखवायला सांगितलं. पुनवेला अजून चार दिवस होते, आणि त्याआधी गळ ओला करायचा नाही हे काळुरामच्या घरचं ठरलेलं. त्याने पक्कड मागून घेतली, जिगहेडचा गळ कापून टाकला आणि नुसतं शिसं दोरीला बांधलं. रॉडबिड त्याला नको होता. दोरीचं वेटोळं डाव्या हातात धरून त्याने हातानेच शिसं भिरकावलं आणि ते उतरेपर्यंत मोठ्याने आकडे मोजले. सातला दोरी सैल पडली. शिशाच्या बुडाला त्याने आधीच कणकेची टिकली दाबली होती. वर ओढल्यावर तिला काळा चिखल चिकटून आला. तळ कसा आहे ते असं कळतं, तो म्हणाला. काळी माती, त्याच्या भाताची माती. बोट लावून त्याने ती जराशी चोळली.

"प्लॅनप्रमाणे सगळीकडे आठ फूटच आहे, काका," सुश्रुत म्हणाला.

काळुरामच्या चेहऱ्यावर हसू आलं. एक जागा तुमच्या प्लॅनमध्ये नाही, त्याने सांगितलं, आणि पँटच्या खिशातून स्वतःचं शिसं काढलं. लिंबाएवढं, मातीच्या साच्यात त्याने घरीच ओतलेलं. ते मुद्दाम घेऊन आला होता. खरं तर तो त्याच्यासाठीच आला होता. सकाळी निघताना बायजा म्हणाली होती, बगून या किती पानी हाय तिच्यात आता.

बिल्डरने जांभळाचं झाड राखलं होतं. त्या झाडापासून समोरच्या डोंगराच्या टोकाकडे एक रेघ धरायची आणि दोन टॉवरांच्या फटीतून गावदेवीच्या देवळाचा कळस दिसत होता, तिथून आपल्याकडे दुसरी. दोन्ही मिळतात तिथे विहीर. काळुराम ओट्याच्या टोकाला गेला, डोळे बारीक करून त्याने दोन्ही रेघा जुळवल्या.

"आबा, तिकडे नको," देवेश मागून म्हणाला. "कारंज्याचा पाइप आहे."

शिसं तोवर सुटलं होतं. एक. दोन. तीनला दोरी सैल पडली. एवढ्या जड शिशाला तीन म्हणजे तेच आठ फूट.

नेम चुकला असेल. त्याने दोरी ओढून घेतली, हातभर डावीकडे टाकली. तीन. मग जरा पुढे. तीन. सभासद बघत होते. काहीतरी शिकवतायत, असं त्यांना वाटत होतं. चौथ्या खेपेला काळुरामने शिशाच्या बुडाला कणीक दाबली, पुन्हा जांभूळ बघितलं, कळस बघितला, आणि टाकलं. वर आली ती कणीक लाल होती. मुरूम. खडेसुद्धा होते त्यात. त्याच्या साडेतीन एकरांत मूठभर लाल माती नव्हती. ही डंपरने आणलेली.

त्याने मागे वळून बघितलं, तर देवेश खाली बसून बोथट गळांचा ढीग परत डब्यात भरत होता, एक एक उचलून. काळुरामला वाटलं, हातातलं शिसं घालावं याच्या टाळक्यात. इथेच, याच्या साहेबांसमोर. त्याने शिसं खिशात घातलं.

"किती निघालं, काका?"

"आठ फूट."

"म्हणजे प्लॅन बरोबर होता आमचा!"

"बरोबर हाय. जड शिसं मागवू नका. पानी सगलीकडं सारखं हाय."

सुश्रुतने तसं टिपलं, आभार मानले आणि क्लबची एक टोपी काळुरामच्या डोक्यावर घातली. फोटोही काढला. 

देवेश त्याला सोडायला फाटकापर्यंत आला. कारंज्यापाशी देवेशच बोलायला लागला. विहीर ठेवली असती तर तलावाचा तळ पक्का झाला नसता, इंजिनीअरने लिहून दिलं होतं, काम अडलं असतं, खरं सांगितलं असतं तर तुम्ही सही केली नसती, आणि शेजारच्या सगळ्यांनी केलेल्या. आपलंच शेत मध्ये पडून राहिलं असतं कुंपण घालून. बुजवायला तीन दिवस लागले, तो म्हणाला. मी स्वतः उभा होतो तिथे. पहिला डंपर ओतायच्या आधी नारळ फोडला मी, आबा.

काळुरामने डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"आनि आयशीचा नारल? तो कुठं जातो?"

देवेशने टोपीची घडी घातली. मग म्हणाला, "मीच काढतो. ती गेल्यावर, जाळीनं. तिला तरंगताना दिसायला नको म्हणून." आणि पुढे, "तिला सांगू नका."

"यंदा तू हात लावू नको त्याला. मी काढीन."

फाटकावरच्या पोराने वहीत बाहेर जायची वेळ लिहायला सांगितली. काळुरामला घड्याळातलं नीट दिसलं नाही. पोराने मग स्वतःच लिहिली.

रस्ता ओलांडायला त्याला फार वेळ लागला. ट्रॅफिक पुलापर्यंत तुंबलेला होता. नारळाचं बोललेलं मागे राहिलं, त्याच्या मनात आता एकच होतं: घरी जायचं आणि बायजाला सांगायचं. तुझ्या पोराने काय केलं ते तुला कळायलाच पाहिजे. सहा वर्षं मला मूर्ख बनवलं, तुला बनवलं, देवाला बनवलं. शब्दसुद्धा जुळवून झाले होते त्याचे. घराच्या पायरीपर्यंत ते तसेच होते.

बायजा ओटीवर बसली होती. पुढ्यात दोन नारळ, दोन्ही घासून पुसून ठेवलेले. एकाला ती हळद लावत होती. तिने वर बघितलं. गुडघे दुखतात तरी ती अर्धी उठली.

"लागला का तल?"

काळुरामने चपला काढल्या. एक उलटी पडली ती वाकून सरळ केली.

"नाय," तो म्हणाला. "दोरी कमी परली."

बायजा परत बसली आणि हसली. तोंडभर हसली, कित्येक दिवसांत हसली नव्हती तशी. मी काय सांगत होते, असं म्हणून तिने शेजारणीला हाक मारली आणि तिलाही सांगितलं, यांची दोरी कमी पडली म्हणे, एवढं पाणी आहे. मग हळदीचा हात नारळावरून फिरवत म्हणाली, "म्हनून तर नारल वर येत नाय."

काळुराम हं म्हणाला. खोटं बोलायला देवेशला निदान एक इंजिनीअर लागला होता, त्याला स्वतःला पायरीवर दोन शब्द पुरले. स्वतःचीच किळस आली त्याला.

तो मागच्या पडवीत गेला. आढ्याला लांब दांड्याची हातजाळी लटकत होती, धूळ खात. त्याने ती खाली काढली, झटकली आणि उजेडात धरून एक एक घर तपासायला लागला.

"पुनवंच्या आधी जाली कशाला कारली?" बायजाने आतून विचारलं.

"फाटली का बगतो."

जाळी कुठेच फाटली नव्हती. तो बराच वेळ बघत राहिला.