दिग्रसची एकुलती एक कोरी

“मुळावकर सर, पाह्यली का पोट्टी?” उत्तमसिंगने पाण्याची बाटली तोंडाला लावत विचारलं. “चार इनिंग झाल्या, घाम नाई आला तिले.”

“ऊन तापलं कुठं अजून? येईन घाम,” मी म्हणालो आणि मान खाली घालून कागद भरू लागलो.

घाम मला आला होता. कारण समोरच्या संघाच्या ‘हिट’च्या रकान्यात चार शून्यं ओळीने बसली होती आणि ती चारही मीच माझ्या हाताने लिहिली होती.

मी महागावला पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. पण फेब्रुवारी-मार्चातले सगळे रविवार मी दिग्रसला शाळेच्या मैदानावर काढतो. जिल्ह्याच्या बेसबॉल संघाचं शिबिर तिथे भरतं, उत्तमसिंग राठोड पोरांना शिकवतो आणि मी सराव सामन्यांचा स्कोअर लिहितो. इथल्या बेसमध्ये जिनिंगवाल्यांनी दिलेली सरकी भरलेली असते. पोरं त्यावर घसरत आली की धुळीसोबत तेलकट वास उठतो. बाकी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात या खेळाला विट्टीदांडूचा थोरला भाऊ समजतात, आणि मी समजावून सांगायचं कधीच सोडून दिलं आहे.

याच दिवसांत अमेरिकेतले संघही सरावासाठी गरम गावांमध्ये जातात. ते ऊन शोधत हजारो मैल जातात, आमच्याकडे ते फुकट आहे. मी पहाटे उठून फोनवर ते सराव सामने बघतो. मोठे खेळाडू अंग मोकळं करून निघून जातात आणि मग पाठीवर ऐंशी-नव्वदचे आकडे लावलेली कोवळी पोरं येतात, ज्यांना अजून कुणी ओळखत नाही. लोक त्यांच्यात उद्याचे खेळाडू शोधतात. मी त्यांच्या चुका शोधतो. एकोणीस वर्षांच्या पोराने सुंदर बॉल टाकला की माझा उजवा खांदा दुखतो. माझी बायको कुंदा म्हणते, “दुसऱ्याच्या पोरायले पाहून सकाळी सकाळी जळता कायले? दूध उतू गेलं पाहा.”

ती चेष्टेत म्हणते, पण ते खरं आहे. मी जळतो.

त्याचं कारण एकोणीसशे पंच्याण्णव साल. पुसदविरुद्ध मी सातही इनिंग बॉल टाकला आणि त्यांच्या एकाही खेळाडूला हिट मिळू दिली नाही. टीव्हीवर याला नो-हिटर म्हणतात, आम्ही दिग्रसला ‘कोरी’ म्हणायचो. तीस वर्षांत जिल्ह्यात दुसरी कोरी कुणी टाकली नाही. शाळेच्या क्रीडाखोलीत भिंतीवर रंगाने माझं नाव लिहिलेलं आहे आणि त्याखालची जागा मोकळी आहे. दर वर्षी शिबिर सुरू झालं की मी त्या मोकळ्या जागेकडे आधी बघून घेतो.

आणि आता ही जिया. फुलसावंगीच्या अफरोज मेकॅनिकची मुलगी, वय पंधरा, वडिलांचा जुना शर्ट खोचून खेळणारी. तिचा बॉल सरळ येतो, मारणारा बॅट फिरवतो आणि नेमका तेव्हाच बॉल खाली बसतो. हे मला कधी जमलं नव्हतं. मी नुसत्या जोरावर टाकायचो. पहिल्या रविवारी तो बॉल पाहून मी उत्तमसिंगला म्हणालो होतो, “हात लवकर जाईन हिचा.” इतकं ओंगळ बोलून मी वर चहाही प्यायलो.

पाचवी इनिंग झाली. सहावी झाली. जियाने दोघांना चार बॉल बाहेर टाकून फुकट बेस दिला, पण हिट एकही नाही. तिच्या संघातल्या पोरांना पत्ताच नव्हता, ती आपली डब्यात काय आहे यावर भांडत होती. हिशेब फक्त माझ्या कागदावर होता. मी मनातल्या मनात कुणाकुणाला विनवू लागलो. एक हिट द्या. लंगडी द्या, फुसकी द्या, पण द्या.

सातव्या इनिंगमध्ये दोन जण आऊट झाले. मग समोरच्या संघातला अनिकेत बॅट घेऊन आला. अंगाने रेडा, पण त्याचाही घाव बॉलच्या डोक्यावर बसला. बॉल जमिनीवरून सरळ स्पृहाकडे गेला. जियाच्याच संघातली स्पृहा शॉर्टस्टॉपला होती, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. असा बॉल पहिल्या वर्षाच्या पोरानेही उचलावा. तिने गुडघे वाकवले, हातमोजा खाली नेला, आणि बॉल तिच्या दोन्ही पायांमधून मागे निघून गेला. अनिकेत पहिल्या बेसवर पोहोचला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. या खेळात एक गोष्ट स्कोअररच्याच हातात असते. मारणारा बेसवर पोहोचला तो त्याच्या फटक्यामुळे की अडवणाऱ्याच्या चुकीमुळे, हे तो ठरवतो. फटका असेल तर हिट, चूक असेल तर एरर. ही एरर होती, म्हणजे कोरी शाबूत होती. आंधळ्यालाही दिसली असती.

“सर, हिट का एरर?” उत्तमसिंग ओरडला.

“हिट,” मी म्हणालो.

“हिट?”

“गोट्यावरून उसळला बॉल. म्या पाह्यला.”

मैदानावर गोटा नव्हता. सकाळी पोरांनीच वेचून काढले होते. उत्तमसिंगने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं, मग हात झटकून म्हणाला, “सर म्हणते तर हिट. चला, पुढचा!”

मी रकान्यात एक लिहिला. सुबक, दफ्तरात लिहितो तसा. खोटं का बोलू, बरं वाटलं.

जियाने पुढच्या पोराला तीन बॉलमध्ये आऊट केलं आणि सामना संपला. पोरं डबे घेऊन निंबाखाली गेली. मी कागदांना टाचणी लावत होतो, तेवढ्यात जिया आणि तिच्यामागे स्पृहा अशा दोघी माझ्याकडे येताना दिसल्या. चोराच्या मनात चांदणं. मी गोट्याची गोष्ट मनात पुन्हा जुळवून ठेवली.

“सर, थँक्यू हं,” जिया म्हणाली.

“काहून?”

“हिचे दोन एरर झालते ना अगोदर. तिसरा लागला असता त रडून राह्यली असती आतालोक. नाव कटलं असतं हिचं.”

स्पृहाचे डोळे खरंच लाल होते. उत्तमसिंगचा नियमच आहे, तीन एरर झाल्या की शिबिरातून घरी. मला तो पाठ आहे, स्पृहाच्या आधीच्या दोन एरर मीच लिहिल्या आहेत. निकाल देताना तो मला आठवला असता तर आज मी स्वतःला थोर म्हणवून घेतलं असतं. आठवला नव्हता. मी त्या मुलीकडे पाहिलंच नव्हतं, मी फक्त त्या भिंतीकडे पाहत होतो.

“अन् तुही कोरी गेली त्याचं?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

“मालूम आहे ना. मी मोजून राह्यली होती.” ती हसली. “जाऊ द्या सर. कोरी काय, अजून टाकीन. हिचं नाव गेलं असतं त पुन्हा नसतं आलं.”

अजून टाकीन. असं म्हणाली, जशी काही बाजारातून कोथिंबीर आणायची आहे. आणि ती टाकेल, हे मला दिसत होतं. आता कागद दुरुस्त करावा तर स्पृहा घरी जाते. न करावा तर या दोघी मला जन्मभर भला माणूस समजतात. मी टाचणी काढली आणि पुन्हा लावली.

“तुमच्या कोरीनंतर काय झालं सर?” जियाने विचारलं. “म्हणजे त्याच्यानंतर कुठं खेळले तुम्ही?”

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे कोरीबद्दलच विचारतात. त्यानंतर बाबा गेले. राज्याच्या शिबिराचं पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांच्या जागेवरच्या नेमणुकीचंही आलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. दिग्रसहून एसटीत बसलो आणि महागावला रुजू झालो.

“नाई खेळलो,” मी म्हणालो. “नोकरी लागली मले.”

“एकदम बंद?”

“हाव.”

मग जिया म्हणाली, “माह्या एसटीले टाइम आहे अजून. बॅट धरा ना सर. तीनच बॉल.”

मी नको नको म्हणत उभा राहिलो. स्पृहाने कॅचरचा मोजा चढवला आणि माझ्या मागे बसली. अंपायर केव्हाच जेवायला गेला होता. पहिल्या बॉलला मी बॅट फिरवली आणि वारा मारला. दुसऱ्यालाही. निंबाखालून एकदोघं हसली. माझा हेवा काही कमी झाला नव्हता. उलट इतक्या जवळून तो हात पाहताना जास्तच पेटला.

तिसरा बॉल सरळ आला आणि माझ्यापुढे खाली बसला. इतका सुंदर, की मी बॅट हलवायची विसरलो. गुडघ्याच्या अगदी रेषेवरून तो स्पृहाच्या मोज्यात गेला. आत असेल तर तिसरी स्ट्राइक आणि मी आऊट, बाहेर असेल तर नुसता ‘बॉल’. रेषेच्या आत की बाहेर, हे जियाला तिथून दिसणं शक्य नव्हतं.

“सर, कुठं होता? बॉल का स्ट्राइक?” तिने पुढे वाकून विचारलं.

“स्ट्राइक,” मी म्हणालो. “आतून गेला. आऊट आहो मी.”

तिने नुसती मान हलवली. तिला ते माहीतच असावं.

“अजून एकदा उभे राहता का?”

मी बॅट स्पृहाच्या हातात दिली आणि बाजूला झालो.