डाव्या चाकाकडे बोट

जो मनुष्य एकदा असत्य बोलतो, त्याच्यावर पुढे कधीतरी सत्य बोलण्याची वेळ येते, आणि त्या वेळी ऐकणारा कान त्याला मिळत नाही. असत्याला शास्त्रांनी पुष्कळ दंड सांगितले आहेत. परंतु याहून कठोर दंड नसावा. तो देणारा कोणी न्यायाधीश नसतो, म्हणून दयेची याचना तरी कोणाकडे करावी?

केरबाने हातमोज्याने हेल्मेटची काच पुसली. थेंब गेला नाही, पसरला. पाणी असते तर निघून गेले असते. शर्यतीपूर्वीच्या संथ फेरीत गाड्या एकामागून एक चालल्या होत्या आणि त्याच्या पुढे एकच गाडी होती, शाहबाजची. वळणापाशी शाहबाजने ब्रेक दाबला, तशी त्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने एक ओली रेघ उन्हात चमकून गेली. केरबाच्या काचेवर दुसरा थेंब येऊन बसला.

ब्रेक ऑइल गळत होते.

ते संपले की पायाखालचे पेडल पोकळ होते, हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. या ट्रॅकचे पहिले वळण मंद होते. तिथे कसेबसे निभावले असते. पण त्यापुढे कागलच्या दिशेने जाणारी लांब सरळ पट्टी होती. गाड्या तिथे जीव खाऊन पळत, आणि पट्टीच्या टोकाला, जुन्या टायरांच्या एका ओळीमागे, काळ्या दगडाचा बांध होता.

हे शाहबाजला सांगायला हवे होते. आणि नेमके तेच सांगण्याचा मार्ग केरबाने आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने बंद करून टाकला होता.

या माळावरच्या शर्यतींत केरबाचे नाव फार जुने होते. गडहिंग्लजकडे उसाचे ट्रॅक्टर चालवता चालवता तो कोल्हापुरात आला, उद्यमनगरात त्याने गॅरेज टाकले, आणि पुढे कित्येक हंगाम पहिला क्रमांक म्हणजे केरबाआण्णा हे लोकांनी गृहीतच धरले. मग या हंगामात हातकणंगल्याचा शाहबाज आला. वय विशीचे, शर्यतींचे पहिलेच वर्ष. तो वेगवान होता, आणि आपण वेगवान आहोत हे त्याला ठाऊक होते.

“काका, आता टाळ घ्या की हातात,” तो भर पिटमध्ये, गाड्या तयार करतात तिथे, सर्वांदेखत म्हणे. “मागं बसून भजन करा. पुढं आम्ही हायच.”

“तुझ्या दुधाच्या दातांनी माझा टायर चावू नगंस,” केरबा म्हणे. “दात पडतील.”

लोक हसत. प्रारंभी ते दोघेही हसत. पुढे हसणे थांबले आणि शब्द तेवढे राहिले. डिसेंबरात शाहबाजने आतल्या बाजूने घुसून केरबाला गवतात घातले. जानेवारीत केरबाने त्याच्या हत्यारांच्या पेटीला लाथ मारली. आणि आदल्या दिवशी, शनिवारच्या छोट्या शर्यतीत, सुरुवातीचे दिवे लागण्यापूर्वी, शाहबाज पुढे उभा आहे हे पाहवेना तेव्हा, केरबाने दोन्ही हात वर करून त्याच्या डाव्या मागच्या चाकाकडे बोट दाखवले. शर्यत थांबवली गेली. शाहबाजची गाडी ढकलत बाजूला नेली, चाक काढून पाहिले. चाकात काही नव्हते. नियमाप्रमाणे पोराला सर्वांच्या शेवटून निघावे लागले, आणि केरबा जिंकला.

“नुसतं पुढं बघून भागत न्हाय पोरा,” तो नंतर म्हणाला होता. “चाकाकडंबी बघायचं असतंय.”

शाहबाज त्याच्याकडे वळला. “काका म्हणत हुतो मी तुम्हाला,” तो म्हणाला. “आजपास्नं न्हाय.”

शर्यतीचे प्रमुख उदयसिंह यांनी केरबाला बाजूला घेऊन बजावले होते: “आण्णा, वयाकडं बघून सोडतोय. उद्या पुन्हा असला हात वर केलासा, तर गाडीला आग लागलेली असली तरी मी शर्यत थांबवायचो न्हाय.”

आज गाड्या सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. सकाळच्या चाचणी फेरीत सर्वांत वेगवान ठरलेला शाहबाज पहिल्या जागेवर, केरबा त्याच्या तिरक्या मागे. केरबाने दोन्ही हात वर केले. मग डाव्या मागच्या चाकाकडे बोट दाखवले, एकदा, पुन्हा एकदा, आणि हेल्मेटच्या आत तो ओरडला. ते ओरडणे त्याचे त्यालाच ऐकू आले.

शाहबाजने आरशात पाहिले. त्याचा एक हात वर आला आणि बोट डावीकडे-उजवीकडे सावकाश हलले. आज नाही.

उदयसिंह दिव्यांखाली उभे होते. त्यांनीही पाहिले. त्यांनी तोंड फिरवले.

दिवे विझले आणि गाड्या सुटल्या.

विचार करायला अवधी नव्हता, असे म्हणणे सोपे आहे. परंतु अवधी होता. पहिल्या वळणापर्यंतचा रस्ता केरबाला पुरला, आणि त्या रस्त्यात त्याला प्रथम जे दिसले ते शोभणारे नव्हते. आपण काहीही केले नाही, तर ही शर्यत आपली आहे, हे त्याला दिसले. क्षणभर ते त्याला गोड वाटले. मग तोच गोडवा घशाशी आला.

वळणावर गती उतरली तेव्हा त्याने आपल्या गाडीचे नाक आत घातले आणि शाहबाजच्या डाव्या मागच्या चाकावर नेऊन टेकवले. दाबले. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून भोवंडल्या आणि मातीत जाऊन थांबल्या. बाकीच्या गाड्या गर्जत पुढे निघून गेल्या. धुळीतून बघे उठून उभे राहिलेले दिसू लागले.

केरबा पट्टे सोडवून बाहेर येतो न येतो, तोच त्याच्या छातीवर दोन हात आदळले.

“मारायचं हुतं काय मला?” शाहबाज हेल्मेट फेकून ओरडत होता. “बोला की! काल हात वर केलासा, आज गाडी घातलीसा! म्हातारपण बाधलंय तुम्हाला, म्हातारपण!”

“ब्रेक...” केरबा म्हणाला. “तुझं ऑइल गळत हुतं.”

“व्हय व्हय. आनि काल चाक निखळत हुतं!”

केरबा खाली वाकला. शाहबाजच्या गाडीचे डावे मागचे चाक मोडून आडवे लोंबत होते. ब्रेकची नळी मुळापासून तुटली होती आणि उरलेले ऑइल तांबड्या मातीत जिरत होते. जिथून गळत होते, ती जागाच त्याने मोडली होती. आता ही नळी केरबाने तोडली, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. ती आधीपासून गळत होती, हे पाहणारा एकटा केरबा होता.

त्याने हातमोजा नाकाशी नेला. मोज्याला घामाचा वास होता, इंजिनच्या ऑइलचा होता, धुळीचा होता. आणखी कशाचा होता की नव्हता, हे त्याला सांगता येईना. आणि मग एक प्रश्न त्याच्या मनात शिरला, जो त्या क्षणापर्यंत शिरला नव्हता. ती रेघ खरोखर होती काय? ज्या डोळ्यांना या पोराची गाडी पुढे गेलेली सहन होत नव्हती, त्याच डोळ्यांनी ती पाहिली होती.

चौकशी पत्र्याच्या खोलीत झाली. उन्हाने पत्रा तापला होता. टेबलाच्या एका बाजूला केरबा, समोर शाहबाज, मध्ये उदयसिंह. शाहबाजची थोरली बहीण सदफ दाराला टेकून उभी होती. पिटमधून त्याला वेळेच्या पाट्या दाखवण्याचे काम तिचे असे.

“बोला आण्णा,” उदयसिंह म्हणाले.

“ऑइल गळत हुतं. डाव्या मागच्या चाकाला. काचंवर थेंब आलं माझ्या. तुम्ही थांबवलं न्हाईसा, त्यानं ऐकलं न्हाय. सरळ पट्टीवर गेला असता तर बांधावर बसला असता. म्हणून मंद वळणातच बाहेर काढला.”

“म्हंजे त्याच्यावर उपकार केलासा.”

केरबाने मान खाली घातली. “उपकार न्हाय.”

“दाखवा ते थेंब.”

“पुसलं.”

दारापाशी सदफ हसली. त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता.

उदयसिंह शाहबाजकडे वळले. “हे बघ पोरा, विचारणं माझं काम हाय. संथ फेरीत ब्रेक कसा हुता? काय जाणवलं तुला? आनि एक सांगून ठेवतो. ब्रेक गेलाय हे ठाऊक असताना जो गाडी काढतो, त्याला मी वर्षभर या ट्रॅकवर पाय ठेवू देत न्हाय. मग तो कुणीबी असूंदे.”

सदफ लगेच म्हणाली, “त्याला कशाला दम देताय? कोइमतूरच्या मोठ्या शर्यतवाल्यांचे सायेब खास त्याला बघायला आल्यात. पुढच्या वर्षी एकच गाडी हाय त्यांच्याकडं मोकळी. या माणसानं त्याचीबी माती केली.”

“मी त्याला विचारलंय, आक्का.”

शाहबाजने घसा साफ केला. “बरोबर हुता,” तो म्हणाला. “ब्रेक बरोबर हुता.”

केरबाचे डोळे अजून खालीच होते. म्हणून टेबलाखालचा तो पाय त्याला दिसला. शाहबाजच्या उजव्या बुटाचा चवडा फरशीवर हलकेच दाबला गेला, उठला, पुन्हा दाबला गेला, आणि तिसऱ्यांदा आणखी खोल, जणू फरशी खाली जाईल अशा भीतीने. पेडल पोकळ लागू लागले की चालक ते असेच दाबून पाहतो. पोराला आपला पाय काय करतो आहे याची जाणीव नव्हती. त्याचा चेहरा स्थिर होता.

केरबाने सावकाश श्वास सोडला. रेघ होती. त्याचे डोळे खोटे नव्हते. आणि पोराला ठाऊक होते. संथ फेरीतच ठाऊक झाले होते, आणि तरी तो रेषेवर येऊन उभा राहिला होता, कारण कोइमतूरचा माणूस कठड्याशी उभा होता.

त्या पायाकडे बोट दाखवण्यासाठी केरबाचा हात उचललाही गेला, पण टेबलाच्या कडेपाशी थांबला. या पोराकडे एकदा त्याने खोटे बोट दाखवले होते. पुन्हा बोट दाखवण्याचा अधिकार त्याला आपल्या ठिकाणी सापडेना.

“आणखी काय म्हणणं?” उदयसिंहांनी विचारले.

“न्हाय.”

“मग ऐका. इथून पुढं तुम्हाला इथं गाडी चालवता येणार न्हाय. कधीच न्हाय. वाईट वाटतंय सांगाया, आण्णा. तुमच्याकडं बघून आम्ही शर्यती शिकलो.”

बाहेर ऊन कलले होते. साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. केरबाने टेम्पोचे मागचे फाळके खाली घेतले आणि आपल्या मोडक्या गाडीला दोर बांधू लागला. गाठ नीट बसेना. त्याने ती सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. या हातांना शर्यतीच्या स्टिअरिंगइतके दुसरे काही जवळचे नव्हते, आणि ते आता त्यांना उरले नव्हते.

सदफ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन पावले मागे शाहबाज होता.

“समाधान झालं?” ती म्हणाली. “तुमचं गेलं ते गेलं, पोराचंबी घेऊन गेलासा.”

“त्याला लागलं न्हाय न्हवं कुठं?” केरबाने विचारले.

“काय?”

“मान, पाठ. दुखतंय काय कुठं? रात्री आखडंल. डॉक्टरला दाखव.”

सदफ भावाकडे वळली, पण तो तिच्याकडे पाहत नव्हता.

“काचंवर आलं हुतं?” शाहबाजने अगदी हळू विचारले. “खरंच?”

केरबाने दोर ओढला. “व्हय.”

“मग मघाशी आत... गप का बसलासा? तुमची नजर माझ्या पायावर हुती, मागनं ध्यानात आलं...” तो थांबला.

“काल मी बोललो न्हवं का पोरा, नको तितकं,” केरबा म्हणाला. मग त्याने हनुवटीने चहाच्या टपरीकडे खूण केली. पांढरा शर्ट घातलेला एक मनुष्य तिथे कपात फुंकर घालत उभा होता. “तो कोइमतूरचा अजून हाय. पयला नंबर लावलेलास सकाळी, ते त्यानं बघितलंय. जा, भेट जा. गाडीत बसला म्हंजे गेला.”

“चल की,” सदफ म्हणाली. “ऐक तरी ह्याचं. एवढं एक तरी बरं बोलला.”

शाहबाज निघाला. टपरीकडची पायवाट आणि पत्र्याच्या खोलीकडची पायवाट काही अंतर एकच होती. पुढे, पाण्याच्या टाकीपाशी, त्यांचा फाटा फुटे. टाकीपाशी तो थांबला. पांढऱ्या शर्टाच्या माणसाने कप ठेवला आणि खिशातून किल्ली काढली.

“शाहबाज!” सदफने हाक मारली. “तिकडं न्हाय रे! टपरी इकडं हाय! इकडं!”

तो वळला नाही. उदयसिंह अजून आतच होते त्या खोलीच्या तीन पायऱ्या तो चढला, दार लोटून आत गेला, आणि दार त्याच्यामागे लागले. हाक मारताना वर केलेला हात सदफने खाली घेतला. मग तिने केरबाकडे पाहिले, जणू याचा अर्थ त्यालाच विचारावा.

केरबा फाळक्याच्या कडेला बसला. दोर हातातच राहिला. पत्र्याच्या आडून काही ऐकू येत नव्हते. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तेवढाच. टपरीपासून एक गाडी सुरू झाली आणि महामार्गाच्या दिशेने निघून गेली.

आत गेलेल्या त्या मुलाच्या वाणीला धैर्य लाभो. बाहेर बसलेल्या त्या वृद्धाच्या हातांना विसावा लाभो. आणि ज्या बहिणीला अजून काहीच कळलेले नाही, तिच्यापर्यंत जे पोहोचायचे आहे ते मृदू होऊन पोहोचो.