आत्यांनी घेतलेली मुलाखत

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं नाव चिमाबाई. शाळेत तिसरीपर्यंत गेल्या आणि इंग्रजीत त्यांना 'ओके' एवढंच येतं. तरी मला नोकरी कोणी मिळवून दिली असं कोणी विचारलं, तर मी त्यांचंच नाव सांगते. ऐकणारा हसला की मला राग येतो.

सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा पुण्याची नोकरी सोडून मी सासरच्या गावी, शिनोलीला आले. नवरा सुनील चाकणला कंपनीत, तो शनिवारी यायचा. तीन वर्षं सासऱ्यांचं करण्यात गेली. मागच्या दिवाळीनंतर ते वारले आणि मी पुन्हा अर्ज करायला लागले, या वेळी कन्सल्टिंग, म्हणजे दुसऱ्या धंद्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्यांकडे. दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती: लग्नाआधी दिलेल्या जीमॅटचा, म्हणजे परदेशी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, आठशेपैकी सातशे तीस. परदेशी शिकायला जायचं राहूनच गेलं, स्कोअर तेवढा हाती राहिला. त्याची मुदत पाच वर्षांची, ती या जूनला संपणार होती. मग रिझ्युमेवर उरणार होती ती फक्त तीन वर्षांची पोकळी.

कॉलेजातली मैत्रीण तेजस्विनी अशाच एका कंपनीत आहे. ती म्हणाली, स्कोअर अगदी वर लिही, मुलाखतीचा कॉल येईल. खरंच आला. मी तोऱ्यात गेले आणि सपशेल आपटले. एका दूध कंपनीची विक्री का घटली, असा प्रश्न होता. चार पर्यायांतला एक निवडावा तसं मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले. समोरचे गृहस्थ म्हणाले, उत्तर चुकीचं नाही, पण तुम्ही तिथवर कशा पोचलात ते आम्हाला कळलंच नाही. आठवड्याने नकार आला.

तेजस्विनी म्हणाली, कोणाशी तरी बोलून सराव कर. आता शिनोलीत मी कोणाशी बोलणार? अंगणात वाळवलेला हिरडा निवडत आत्या बसल्या होत्या. मीही समोर बसले आणि तेजस्विनीने पाठवलेला प्रश्न त्यांना मराठीत सांगितला. शहरातल्या एका कॉफीच्या दुकानाचा नफा कमी झालाय, का झाला असेल?

मी म्हटलं, खर्च वाढला असणार. आत्यांनी मान वर न करता विचारलं, कशावरून? मी म्हटलं, भाडं वाढलं असेल. कशावरून? समोर दुसरं दुकान नाही ना उघडलं, ते बघितलंस का? व्यापाऱ्याने हिरड्याचं वजन सांगितलं की त्या त्यालाही असंच विचारतात, आणि काटा पुन्हा लावायला लावतात.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. यातलं तुम्हाला काय कळतं, असं मी बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली. आत्या रागावल्या नाहीत.

"मला कळत न्हाई म्हणूनच इचारते," त्या म्हणाल्या. "मला कळलं म्हंजी त्या लोकान्लाबी कळंल."

त्यानंतर दीड महिना रोज दुपारी त्यांनी माझी मुलाखत घेतली. विमानतळ, औषधाचा कारखाना, लग्नाची वेबसाइट, काही म्हणून सोडलं नाही.

मे महिन्यात दुसरा कॉल आला. मुलाखत लॅपटॉपवर होती. आत्या उंबऱ्यात बसून शेजारच्या बायकांना परतवत होत्या. प्रश्न एका दवाखान्याचा होता, पेशंटना तासन् तास ताटकळावं का लागतं याचा. मी आत्यांना सांगावं तसं एकेक पायरी सांगत गेले, कुठलं कशावरून तेही सांगितलं. शेवटी मला राहवलं नाही. माझ्या स्कोअरचा काही उपयोग झाला का, असं विचारलंच. मुलाखत घेणाऱ्या बाई मोकळेपणाने म्हणाल्या, तीन वर्षांचा गॅप बघून आम्ही पुढच्या अर्जाकडे वळलो असतो, स्कोअर दिसला म्हणून थांबलो. आज मात्र आमच्यापैकी कोणीही तो बघितलेला नाही.

पाच दिवसांनी फोन आला. मी स्पीकरवर टाकला. निवड झाली होती. पुण्याच्या ऑफिसात कधी रुजू होता, असं त्यांनी मराठीतच विचारलं. मी महिनाभराची मुदत मागणार, तेवढ्यात आत्यांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "सोमवारी." मी तेच सांगितलं.

फोन ठेवल्यावर म्हटलं, आत्या, तुम्हीपण चला आमच्याबरोबर चाकणला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. भातखाचरं कोण बघणार, हिरड्याची झाडं कोण बघणार? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला नोकरी लागली की या घरात त्या एकट्या उरणार, हे त्यांना पहिल्या दुपारपासून माहीत होतं. तरीही एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता. मी त्यांच्या पाया पडले आणि तिथेच रडत बसले.

"पण एवढी घाई कशाला, आत्या?"

"महिनाभर ऱ्हायलीस," त्या माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तर माझ्याच्यानं तुला सोडवायचं न्हाई."