फिनेलच्या शेजारी ठेवलेली साखर

"पहिला ठोका सूर्याला, दुसरा ठोका चुलीला, तिसरा ठोका त्या लेकीला, जिचा हात आधी पडंल." तांबट आळीतली एक म्हातारी हे गुणगुणायची. तिचा मुलगा मला ठोकून आकार देत होता आणि ती चिंचेच्या कोळाने मला उजळत होती. इतकी वर्षं लोटली, तरी तो आवाज माझ्या पत्र्यातून गेलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. साखरेचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला असलेल्या दीनानाथांनी मला लग्नाच्या वर्षी घेतलं. त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, क्वार्टरमधल्या फळीवर मला मधोमध बसवलं. रेशनची साखर आली की आधी माझ्यात पडे. त्यांची लेक सुनीती जन्मली, तेव्हा माझ्यातलीच साखर साऱ्या शेजाऱ्यांच्या तळहातांवर गेली. हळदीकुंकवाच्या बायका माझ्यात तोंड बघत आणि म्हणत, "कुसुम, डबा म्हणायचा की आरसा गं हा?"

पुढे दीनानाथ निवृत्त झाले, बिऱ्हाड वारज्याच्या फ्लॅटमध्ये आलं आणि त्याच वर्षी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली, पथ्य सांगितलं. कुसुमताईंनी ते असं मनावर घेतलं, की घरातला दोघांचाही चहा बिनसाखरेचा झाला. माझी रवानगी ओट्याखाली झाली, सिंकच्या पाइपाला लागून. एका अंगाला फिनेलची बाटली, दुसऱ्या अंगाला झुरळांचं औषध. साखरेचा डबा पुरता रिता करू नये, ही त्यांच्या सासूबाईंची शिस्त, म्हणून दोन मुठी साखर तेवढी तळाशी राहिली. माझं नाव मात्र बदललं. "ते विष" म्हणत मला.

मला किळस यायची, मित्रांनो. पाइप ठिबकायचा, ओल आत शिरायची, साखर पिवळी पडून तिचे चिकट गोळे झाले. झुरळं अंगावरून फिरत. आणि त्यांच्या जोडीला दीनानाथ. दुपारी बायको लवंडली की ते दबकत येत, गुडघे टेकत, आणि थुंकी लावलेलं बोट माझ्यात बुडवत. चाटून पुन्हा तेच बोट बुडवत. एके काळी या माणसाने मला नव्या रुमालात गुंडाळून, सायकलला बांधून घरी आणलं होतं. त्या ओल्या, उष्ट्या बोटाची मला जितकी शिसारी आली, तितकी झुरळांचीही आली नाही.

एकदा कुसुमताईंनी हे पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत.

"मुंग्यांची रांग लागली आहे," त्या म्हणाल्या, "आणि शेवटी आपण उभे आहात. नंबर आला की सांगा."

एवढं बोलून त्यांनी नाकाला पदर लावला. दर तीन महिन्यांनी तपासणीचा कागद आला आणि आकडा वाढलेला दिसला, की त्यांचं तोंड अगदी तसंच होई. जसं काही दीनानाथच ओट्याखालून बाहेर आले आहेत. मग कधीतरी ते बोट यायचं थांबलं आणि कागदावरचा आकडाही उतरला. बाईंना वाटलं, स्वारी सुधारली.

परवा समोरच्या श्यामसुंदरांच्या नातवाची मुंज होती. दीनानाथांनी पोळी-भाताला हात न लावता दोन वाट्या आमरस घेतला, घरी आले आणि झोपले. संध्याकाळचं खाणंही नको म्हणाले. सहाच्या सुमाराला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सदरा घामाने थबथबला होता. हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. "दिवे... दिवे का घालवलेत?" ते म्हणाले. दिवा लागलेलाच होता.

"चढली साखर," कुसुमताई म्हणाल्या. "दोन वाट्या रस ओरपलात, आता बेवड्यासारखे डोला." त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कारल्याचा रस तोंडाला लावला. दीनानाथांनी पेला ढकलला. हिरवं पाणी सदऱ्यावर ओघळलं. "शी," कुसुमताई म्हणाल्या.

गावठाणातून भांड्यांना येणाऱ्या बायडाबाईंनी साबणाचे हात तसेच धरून मागे पाहिलं. "वैनी, साखर चढली न्हाय, उतरलीया. माझ्या सासूला आसाच घाम फुटायचा. मशीन लावा आदी."

"रस पिऊन साखर उतरते होय?"

"ते मला काय ठावं. सुई टोचायला काय जातंय?"

साखर मोजायच्या मशीनवर अठ्ठेचाळीस आले; सत्तरच्या खाली धोका असतो. "हे बिघडलंय," कुसुमताई पुटपुटल्या.

"माणूस बिघडत चाललाय तुमचा. साखर काढा."

घरात साखर होती ती फक्त माझ्यात. कुसुमताई खाली बसल्या आणि फिनेलची बाटली सारून त्यांनी मला ओढलं. झाकण गच्च बसलं होतं, ते लाटण्याने ठोकून उघडलं. आत मेलेल्या मुंग्या, झुरळाचा तुटका पाय, आंबूस वास. त्यांनी तोंड फिरवलं. "हे कसं देऊ यांना?"

"वरचं खरवडा, खालचं घ्या, पाण्यात गाळा. गिळतायत तवरच पाजायचं. शुद्ध गेली तर तोंडात कायबी घालायचं न्हाय, दवाखान्यात पळवायचं."

कुसुमताईंनी माझ्यात हात घातला. चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळली, चहाच्या गाळणीतून उतरली आणि घोट घोट करत पोटात गेली. पाव तास गेला. पुन्हा सुई टोचली. ब्याऐंशी. दीनानाथांच्या डोळ्यांत ओळख परत आली.

मित्रांनो, घरात कुणी मधुमेहाची गोळी घेत असेल, तर थोडी साखर कोरड्या, स्वच्छ डबीत हाताशी असू द्या. चोरून खाण्यासाठी नाही, अशा वेळेसाठी. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी मशीन लावा, मग रागवा. आणि त्या माणसाला पाइपाखाली ढकलू नका. तिथे काय काय साचतं, ते मी पाहिलं आहे.

मी टेबलावर उघडाच होतो, तेव्हा कुसुमताईंनी डॉक्टरांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"काका, आज गोळ्या किती घेतल्या?"

"नेहमीची एक," दीनानाथ भिंतीकडे बघत म्हणाले.

"एका गोळीने इतकी उतरायची नाही. जास्त गेली असेल तर साखर झोपेत परत पडेल. मग मला तुम्हाला आजची रात्र दवाखान्यात ठेवावं लागेल. नीट आठवून सांगा."

बायडाबाईंनी नळ बंद केला. कुसुमताईंच्या नखांत अजून माझी साखर चिकटली होती. "अहो," त्या म्हणाल्या, "सांगा ना."

दीनानाथांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन जास्तीच्या घेतल्या," ते म्हणाले. "वर्ष झालं, बाहेर गोड खाल्लं की घेतो. कागदावर आकडा कमी यावा म्हणून. तो वाचून तू माझ्याकडे जशी बघतेस ना, कुसुम, ते मला सोसत नाही."